विश्लेषण : रानातला ट्रॅप कॅमेरा रुजवणारा वनाधिकारी कोण?

परभणी जिल्ह्यात हरणे, रोही पिकांत घुसले की त्यांच्या वाटा शोधाव्या लागतात. नकाशा आणि ट्रॅप कॅमेरा त्यासाठी उपयोगी पडतात. भारतात या कॅमेऱ्याचा पाया एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी घातला.

चॅम्पियन कोण होते?
जन्म १८९३, इंग्लंड. १९१३ मध्ये ते भारतात आले. आधी पोलीस खात्यात, पहिल्या महायुद्धानंतर संयुक्त प्रांताच्या वन खात्यात त्यांनी नोकरी केली. साहेबलोकांत शिकारीला प्रतिष्ठा होती. चॅम्पियन यांना मात्र ती रुचत नसे.

कॅमेरा कसा चाले?
पाऊलखुणांवरून जनावराची नेहमीची वाट हेरायची आणि तिथे तार आडवी बांधायची. तारेला धक्का लागला की फ्लॅश उडून फोटो निघे. माग काढण्याची शिकाऱ्याचीच विद्या, पण शेवटी गोळी नाही. १९२७ मध्ये त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ प्रसिद्ध झाले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, हे त्यांनी छायाचित्रांतून दाखवले. आजची व्याघ्रगणना याच तत्त्वावर चालते. जिम कॉर्बेटही त्यांच्यामुळे कॅमेऱ्याकडे वळले.

परभणीशी संबंध काय?
चॅम्पियन १९४७ मध्ये भारत सोडून पूर्व आफ्रिकेत गेले. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळविटाची शिकार हा गंभीर गुन्हा ठरला. काळविटाला वाघासारखे पट्टे नसल्याने कॅमेरा एकेक प्राणी ओळखून देत नाही. मात्र कळप कुठून आणि किती वाजता येतो, हे सांगतो. कुंपण कुठे घालायचे आणि राखण कधी करायची, हे ठरवायला शेतकऱ्याला तेवढे पुरते.