नामदार गोखल्यांची तयारी

मूल येथील नगरपरिषदेची सभा असो, बाजार समितींत धानाच्या भावाची तक्रार असो, कीं वाघाच्या भीतीनें गांजलेल्या एखाद्या जंगलकांठच्या खेड्याची ग्रामसभा असो, बोलणाऱ्यांची उणीव आपल्या भागांत कधींच नसते. उणीव असते ती बोलण्यापूर्वीं घरीं बसून करावयाच्या कामाची. वक्ता उभा राहतो, आवाज चढवितो, टाळ्या घेतो आणि खालीं बसतो. ज्या अधिकाऱ्याचें मन वळवावयाचें, तो शांतपणें दोन आंकडे विचारतो, आणि सगळें भाषण तेथेंच विरून जातें. आमच्या व्यापारी वाचकांस हें फोड करून सांगावयास नको. खातेवही घरीं ठेवून वसुलीस जाणारा दुकानदार जसा रिकाम्या हातीं परततो, तशांतलाच हा प्रकार आहे. म्हणून आज आम्ही अशा एका पुरुषाचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों, कीं जो खातेवहीवांचून सहसा कधीं बोलला नाहीं, आणि एकदां बोलला तेव्हां त्याची जबर किंमत त्यास मोजावी लागली.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें झाला. वडील कागल संस्थानांत नोकरीस होते. ते १८७९ सालीं वारले आणि घरचा भार थोरले बंधु गोविंदराव यांजवर पडला. त्यांस पगार पंधरा रुपये. त्यांतले आठ ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठीं पाठवीत. अशा पैशावर शिकलेल्या मुलास पैचा हिशेब कोणी निराळा शिकवावा लागत नाहीं. १८८४ सालीं गोखले बी. ए. झाले, पुढील वर्षीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कुलांत शिक्षक म्हणून लागले, आणि मग डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन फर्ग्युसन कॉलेजांत शिकवूं लागले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय पडेल तो त्यांनीं शिकविला. मुलांसाठीं अंकगणिताचें पुस्तकहि लिहिलें. पुढें ज्या माणसानें व्हाइसरॉयचा जमाखर्च तपासला, त्यानें आधीं शाळेच्या मुलांचीं उदाहरणें तपासलीं होतीं, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

परंतु त्यांची खरी शाळा न्यायमूर्ति रानड्यांच्या घरीं भरली. सुमारें तेरा-चौदा वर्षें, म्हणजे १९०१ च्या जानेवारींत रानडे वारले तोंपर्यंत, हें शिक्षण चाललें. सार्वजनिक सभेचें त्रैमासिक गोखल्यांच्या हातीं होतें आणि सभेच्या वतीनें सरकाराकडे अर्ज जात. अहवाल वाचावेत, त्यांतले आंकडे जुळवावेत, त्यांवरून मसुदा करावा, तो रानड्यांस दाखवावा, आणि त्यांस पसंत न पडला तर पुन्हा करावा, असा क्रम होता. सरकार या अर्जांस बहुधा उत्तरहि देत नसे. पण एवढ्या शिस्तीचा व्यासंग दुसऱ्या कोणत्या विद्यालयांत त्यांस मिळाला असता, असें आम्हांस वाटत नाहीं.

याच संबंधांत आणखी एका पुरुषाचें नांव घेतलें पाहिजे, कारण तें लोक विसरतात. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेंत हेडमास्तर होते. सरकारी चाकरीमुळें ते उघडपणें राजकारणांत पडूं शकत नसत; परंतु हिंदुस्थानच्या जमाखर्चाचें त्यांच्याएवढें ज्ञान असलेले गृहस्थ त्या काळीं फार थोडे होते. कौन्सिलांतील भाषणांपूर्वीं गोखले यांचा त्यांच्याशीं पत्रव्यवहार होई. अमुक वर्षाचा आंकडा द्या, अमुक खात्याचा खर्च कसा वाढला तें कळवा, अशी मागणी ते करीत. आपणांस जें ठाऊक नाहीं तें ठाऊक असलेल्या माणसाकडून निःसंकोच मागून घेणें, हा गुण आजच्या कित्येक वक्त्यांस कमीपणाचा वाटतो!

१८९७ सालीं हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनापुढें साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले. वय अद्याप एकतीसहि पुरें नव्हतें. प्रवासांत छातीस मार लागला असतांहि त्यांनीं एप्रिल महिन्यांत साक्ष दिली. रानडे आणि जोशी यांच्या मदतीनें तयार झालेलें निवेदन हातीं होतें, त्यामुळें कसलेल्या अधिकाऱ्यांच्या उलटतपासणींतहि त्यांचें कांहीं डळमळलें नाहीं. तरुण प्रोफेसराचें नांव झालें.

आणि त्याच मुक्कामांत ती घटना घडली. पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तासाठीं गोऱ्या शिपायांकडून घरांची झडती चालली होती. स्त्रियांवर अत्याचार झाल्याचीं पत्रें गोखल्यांस पुण्याहून आलीं. लिहिणारे विश्वासू होते. गोखल्यांनीं तो मजकूर विलायतेंतील वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केला आणि पार्लमेंटच्या सभासदांसहि सांगितला. इकडे पुण्यांत रँडसाहेबांचा खून झाला होता व वातावरण तापलें होतें. सरकारानें पुरावा मागितला. मुंबईस उतरल्यावर गोखल्यांस कळलें कीं पत्र लिहिणाऱ्यांपैकीं कोणी पुढें येण्यास तयार नाहीं. लिहिणाऱ्यांचीं नांवें सांगून त्यांस संकटांत लोटणें त्यांच्यानें झालें नाहीं, आणि पुराव्यावांचून आरोप धरून बसणेंहि झालें नाहीं. ऑगस्टमध्यें त्यांनीं गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांची व सैनिकांची जाहीर माफी मागितली.

पुण्यांत त्यांजवर जी टीका झाली तिला सीमा राहिली नाहीं. स्वकीयांनीं त्यांस भित्रे म्हटलें, परकीयांनीं खोटे म्हटलें. प्लेगच्या त्या बंदोबस्तांत लोकांचा छळ झाला, हें कोणी नाकारीत नाहीं. तरी पण विशिष्ट आरोप करतांना त्यास विशिष्ट साक्षीदार लागतो, आणि तो हातीं असल्यावांचून आरोप उच्चारणें म्हणजे खऱ्या पीडितांचीच बाजू दुबळी करणें होय. माफी मागावी कीं नाहीं याविषयीं मतभेद राहील. आमच्या मतें ती मागण्यास माफी न मागण्यापेक्षां अधिक धैर्य लागलें.

आतां १९०२ सालाकडे वळूं. फिरोजशहा मेथा यांच्या जागीं गोखले वरिष्ठ कायदे कौन्सिलांत निवडून गेले होते. या कौन्सिलाची रचना वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. १८९२ च्या कायद्यानें सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती, पण मत देण्याचा अधिकार नव्हता. म्हणजे भाषणापलीकडे सभासदाच्या हातीं शस्त्रच नव्हतें. अंदाजपत्रक मांडलें गेल्यावर चर्चेस थोडेच दिवस मिळत.

२६ मार्च १९०२ रोजीं गोखले बोलावयास उभे राहिले. सरकारच्या तिजोरींत सुमारें सात कोटि रुपयांची शिल्लक पडली होती आणि लॉर्ड कर्झन यांच्या सरकारांत आनंद होता. गोखल्यांनीं शिल्लक नाकारली नाहीं. ती कोठून आली एवढेंच दाखविलें, आणि तेंहि सरकारच्याच आंकड्यांवरून. पूर्वीं हुंडणावळीचा भाव रुपयास तेरा पेन्सांच्या आसपास उतरला होता, तो पुढें सोळा पेन्सांवर स्थिर करण्यांत आला. विलायतेस एक पौंड पाठविण्यास पूर्वीं सुमारें साडेअठरा रुपये लागत, ते आतां पंधरा लागूं लागले. दरसाल लाखों पौंड तिकडे जात असत, तेव्हां बचत कोट्यवधींची झाली. पण रुपया घसरला म्हणून जे कर वाढविले होते, ते रुपया चढल्यावर कमी झालेच नाहींत. मिठावरील कर १८८८ सालीं मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये केला होता, तो तसाच राहिला. मध्यंतरीं १८९६ व १८९९ चे दोन भयंकर दुष्काळ पडले, ज्यांची झळ आपल्या मध्यप्रांतासहि लागली. तेव्हां ही शिल्लक प्रजेच्या भरभराटीची खूण नसून, गरजेपेक्षां अधिक वसूल केलेल्या कराची आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. या निष्कर्षास जोडून त्यांनीं मागण्या केल्या: मिठावरील कर कमी करावा, प्राप्तीवरील कर हजार रुपयांखालीं घेऊं नये, देशी कापडावरील जकात उठवावी.

चांदा जिल्ह्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या मुलखांत मिठाचा भाव म्हणजे काय, हें जुन्या व्यापारी घराण्यांस ठाऊक असेल. जंगलांतील गोंड लोक मोह, चारोळी, लाख आणून आठवड्याच्या बाजारांत मीठ घेत. किंमतीवर कर आणि कराखेरीज वाहतूक. कलकत्त्याच्या दिवाणखान्यांतील त्या आंकड्यांचा शेवट अशा बाजारांत होत असे.

पुढच्याच वर्षीं, १९०३ सालीं, मिठाचा कर मणास दोन रुपयांवर आला आणि प्राप्तीवरील कराची मर्यादा पांचशेंवरून हजारांवर गेली. केवळ एका भाषणानें हें घडलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण पुढें मिठाचा कर १९०७ पर्यंत एक रुपयावर उतरला, आणि त्या सर्व वर्षांत गोखले तीच मागणी नव्या आंकड्यांनिशीं करीत राहिले. कापडावरील जकात मात्र त्यांच्या हयातींत उठली नाहीं.

त्यांच्या वक्तृत्वांत गर्जना नव्हती. भाषण आधीं लिहून काढावें, वाक्य न् वाक्य घासावें, स्मरणशक्ति दांडगी असल्यानें तें मनांत बसवावें, अशी त्यांची रीत. विरोधकाची बाजू ते आधीं स्वतःच मांडीत आणि मग तिचें उत्तर देत. एक उणीव आम्ही लपवीत नाहीं: त्यांचीं हीं मोठीं भाषणें इंग्रजींत झालीं, आणि बाजारांतल्या माणसास तीं थेट पोंचलीं नाहींत. तें काम लोकमान्यांच्या मराठीनें केलें.

१९०५ सालीं त्यांनीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला आणि त्याच वर्षीं ते काशीच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नाताळांतील मजुरांचा प्रश्न त्यांनीं १९१० सालीं कौन्सिलांत आणला, आणि पुढच्या वर्षीं तिकडील मजुरभरती बंद झाली.

त्यांचें शेवटचें मोठें प्रकरण प्राथमिक शिक्षणाचें. १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं बिल आणलें. त्यामागें देशोदेशींचे आंकडे होते: लोकसंख्येपैकीं प्राथमिक शाळेंत जाणारे अमेरिकेंत शेंकडा एकवीस, जपानांत अकरा, बडोदें संस्थानांत साडेआठांवर, आणि ब्रिटिश हिंदुस्थानांत दोनहून कमी. मागणी अगदीं माफक होती. ज्या म्युनिसिपालिटीस वा लोकलबोर्डास हवें असेल तिनें सरकारच्या परवानगीनें सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शिक्षण सक्तीचें करावें. खर्चाचा एक हिस्सा तिनें द्यावा, दोन सरकारानें. वर्षभर मतें मागविण्यांत आलीं. मार्च १९१२ मध्यें दोन दिवस चर्चा झाली. बिल नापास होणार हें गोखल्यांस आधींच दिसत होतें. तरीहि प्रत्येक आक्षेपाचें उत्तर त्यांनीं तयार करून आणलें होतें. बाजूनें तेरा मतें पडलीं, विरुद्ध अडतीस. विरुद्ध मत देणाऱ्यांत आपलेहि लोक होते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, गोखले पुण्यास वारले. मुंबई इलाख्यांत विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनें १९१८ सालीं प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि ज्या मध्यप्रांतांत तेव्हां आपला चांदा जिल्हा होता तेथें १९२० सालीं. दोहोंतहि सक्ती करावी कीं नाहीं हें आधीं स्थानिक संस्थेनें ठरवावयाचें होतें, जसें गोखल्यांच्या नापास झालेल्या बिलांत होतें.