फील्ड मार्शल मॅनरहाइम : जुन्या रशियन रायफलींचा सेनापती

सोव्हिएत सैन्याने 30 नोव्हेंबर 1939 रोजी फिनलंडवर चढाई केली, तेव्हा बचावासाठी उभ्या राहिलेल्या बहुतेक फिनिश सैनिकांच्या हाती मूळची रशियन रायफलच होती. त्यांचे सरसेनापतीही रशियाच्या लष्करातच घडलेले होते. कार्ल गुस्ताफ एमिल मॅनरहाइम यांनी तीस वर्षे झारची चाकरी केली होती आणि त्या दिवशी त्यांचे वय 72 होते.

मॅनरहाइम यांचा जन्म 4 जून 1867 रोजी नैऋत्य फिनलंडमधील लौहिसारी येथील सरदार घराण्यात झाला. फिनलंड त्या वेळी रशियन साम्राज्याचा भाग होता. घरातील भाषा मात्र स्वीडिश होती. वडील कर्जबाजारी होऊन पॅरिसला निघून गेले आणि पाठोपाठ 1881 मध्ये आईचेही निधन झाले. नातेवाइकांच्या आधाराने वाढलेला हा मुलगा बेशिस्तीमुळे 1886 मध्ये हामिना येथील सैनिकी विद्यालयातून काढला गेला. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या घोडदळ विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला आणि तेथून त्याच्या आयुष्याला वळण लागले. 1896 मध्ये झार निकोलस दुसरे यांच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत हा उंचापुरा अधिकारी झारच्या पुढे चालत होता.

रशिया-जपान युद्धानंतर 1906 ते 1908 या काळात मॅनरहाइम यांनी मध्य आशियातून पेकिंगपर्यंत घोड्यावरून प्रवास केला. शास्त्रीय संशोधन हे त्याचे बाह्य स्वरूप होते. प्रत्यक्षात रशियन लष्करासाठी माहिती गोळा करण्याची ती मोहीम होती. ब्रिटिश फौजा ल्हासात शिरल्यामुळे 1904 पासून परागंदा असलेले तेरावे दलाई लामा त्या वेळी चीनमधील वुताई पर्वतावरील मठात राहात होते. जून 1908 मध्ये मॅनरहाइम यांनी त्यांची भेट घेतली आणि भेटीदाखल आपले ब्राउनिंग पिस्तूल दिले. त्यात गोळ्या कशा भरायच्या, हेही त्यांनी करून दाखविले. धर्मगुरूला पिस्तूल देणे आज विचित्र वाटेल. पण जीव वाचवत फिरणाऱ्या माणसाला ते निरुपयोगी वाटले नसावे.

1917 च्या क्रांतीने झारची सत्ता संपली आणि लेफ्टनंट जनरलपदापर्यंत पोहोचलेले मॅनरहाइम मायदेशी परतले. 6 डिसेंबर 1917 रोजी फिनलंड स्वतंत्र झाला होता. देशाला सैन्य नव्हते, शस्त्रे नव्हती आणि रशियन पलटणी अजून देशातच तळ ठोकून होत्या. जानेवारी 1918 मध्ये सरकारने लष्कर उभारण्याची जबाबदारी मॅनरहाइम यांच्यावर सोपविली. त्यांनी वासा शहराच्या परिसरातील रशियन तळांवर रात्री छापे घालून हजारो रायफली, मशीनगन आणि तोफा ताब्यात घेतल्या. नव्या राष्ट्राच्या सैन्याचे पहिले मोठे शस्त्रागार अशा रीतीने उभे राहिले.

त्याच दिवसांत यादवी युद्ध पेटले. एका बाजूला कामगारांचे लाल दल आणि दुसऱ्या बाजूला मॅनरहाइम यांचे पांढरे दल होते. एप्रिलमध्ये तांपेरे हे औद्योगिक शहर पडले आणि मे महिन्यात पांढऱ्यांचा विजय झाला. मात्र त्यानंतरच्या महिन्यांत कैदी छावण्यांमध्ये सुमारे 12 हजार लाल कैदी उपासमारीने व रोगराईने मरण पावले. मॅनरहाइम यांनी मे अखेरीस सरसेनापतिपद सोडले होते, तरी कामगार वस्त्यांनी त्यांना या मृत्यूंपासून वेगळे मानले नाही. काही काळ त्यांनी राज्यप्रमुखाचे काम पाहिले. 1919 मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक ते हरले आणि सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले.

1931 मध्ये संरक्षण परिषदेचे अध्यक्ष म्हणून ते परतले, तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न पैशांचा होता. त्या काळातील फिनिश रायफलींची कथा यामुळेच मनोरंजक आहे. मोसिन-नागान या रशियन रायफली देशात मोठ्या संख्येने पडून होत्या. काडतूस जेथे बसते आणि बोल्ट जेथे सरकतो तो पोलादी भाग घडविणे खर्चाचे व अवघड होते. म्हणून फिनलंडने तो जुना रशियन भाग तसाच ठेवला. नळी मात्र नवी व अधिक अचूक बसविली आणि नेम धरण्याची साधने सुधारली. एम-27 ही लष्कराची रायफल आणि एम-28-30 ही स्वयंसेवी नागरी रक्षक दलाची रायफल अशाच तयार झाल्या. एवढ्याशा देशात लष्कर आणि नागरी दल यांच्या रायफली वेगळ्या असाव्यात, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. दोन्हींची जागा घेणारी एम-39 तयार होईपर्यंत युद्ध दाराशी आले होते.

काच कारखान्यात काम केलेल्या आइमो लाहती या स्वयंशिक्षित शस्त्रकाराने 'सुओमी' ही सबमशीनगन तयार केली आणि 1931 मध्ये ती लष्करात दाखल झाली. तिच्या गोल डब्यासारख्या मॅगझिनमध्ये 70 गोळ्या मावत असत. शस्त्र उत्तम होते. पण युद्ध सुरू झाले तेव्हा सैन्याकडे अशा सुमारे 4 हजारच बंदुका होत्या. रणगाडाविरोधी बोफोर्स तोफा शंभराच्या आसपास होत्या, तर काही तोफा 1877 च्या बनावटीच्या होत्या. मॅनरहाइम वर्षानुवर्षे निधी मागत होते आणि अर्थसंकल्पात त्याला कात्री लागत होती. 1939 च्या शरद ऋतूत मॉस्कोने प्रदेशाची मागणी केली, तेव्हा काही भाग देऊन तडजोड करावी, असे मत या सेनानीनेच मांडले. सरकारने ते मानले नाही. मॅनरहाइम यांनी नोव्हेंबरच्या अखेरीस राजीनामा देऊ केला. पण चढाई होताच तो बाजूला ठेवून त्यांनी सरसेनापतिपद स्वीकारले.

हिवाळी युद्ध 105 दिवस चालले. अनेक सैनिकांना गणवेशही मिळाला नव्हता. घरचे कपडे, टोपीवरील चिन्ह आणि कमरेचा पट्टा एवढ्यावरच ते आघाडीवर गेले. रणगाड्यांवर फेकण्यासाठी सरकारी मद्य कंपनीच्या कारखान्यात 5 लाखांहून अधिक पेटत्या बाटल्या भरल्या गेल्या. कोल्ला आघाडीवर सिमो ह्यायह्या हा शेतकरी दुर्बीण न लावता एम-28-30 रायफल चालवत असे. त्याच्या नावावर शत्रूचे 500 हून अधिक सैनिक नोंदले जातात. सोव्हिएत सैन्याने 'सुओमी'च्या गोल मॅगझिनची पुढे नक्कल केली. सोव्हिएत बाजूचे सव्वा लाखाहून अधिक आणि फिनलंडचे सुमारे 25 हजार सैनिक मारले गेले. तरीही मार्च 1940 मध्ये फिनलंडला करेलियाचा मोठा भाग सोडावा लागला आणि 4 लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले.

1941 मध्ये फिनलंड जर्मनीच्या जोडीने पुन्हा युद्धात उतरला. गमावलेला प्रदेश परत घेऊन सैन्य जुन्या सीमेपलीकडे गेले. पूर्व करेलियातील छावण्यांमध्ये हजारो रशियन नागरिक मरण पावले आणि लेनिनग्राडच्या उत्तरेची बाजू फिनिश सैन्याने धरून ठेवली. मॅनरहाइम यांच्या कारकिर्दीतील या प्रकरणावर इतिहासकारांचे एकमत नाही, आणि ते असण्याचे कारणही नाही. 4 जून 1942 रोजी त्यांच्या 75 व्या वाढदिवशी हिटलर स्वतः भेटीला आला होता. ऑगस्ट 1944 मध्ये मॅनरहाइम राष्ट्राध्यक्ष झाले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी मॉस्कोशी शस्त्रसंधी केली. कालपर्यंतच्या जर्मन साथीदारांनाच लॅपलँडमधून हुसकावण्याचे काम मग त्यांच्या सैन्यावर आले. युद्धाच्या जबाबदारीवरून माजी अध्यक्ष रिस्तो रुती यांना तुरुंगवास झाला. मॅनरहाइम यांच्यावर खटला भरला गेला नाही.

मार्च 1946 मध्ये त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव अध्यक्षपद सोडले. अखेरची वर्षे त्यांनी मुख्यतः स्वित्झर्लंडमध्ये आठवणी लिहिण्यात घालविली आणि जानेवारी 1951 मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. हेलसिंकीच्या हिएतानिएमी दफनभूमीत सैनिकांच्या कबरींच्या सोबतीला त्यांची कबर आहे.

जुन्या रशियन रायफलींचे पोलादी भाग मात्र निवृत्त झाले नाहीत. 1980 च्या दशकात फिनिश लष्कराने त्यांच्यावरच नव्या नळ्या बसवून नेमबाजांसाठी टीकेआयव्ही-85 ही रायफल तयार करून घेतली. हेलसिंकीत मॅनरहाइम यांचा अश्वारूढ पुतळा 1960 पासून शहराच्या मध्यभागी उभा आहे. तांपेरे येथील पुतळा शहराबाहेर झाडीत आहे आणि त्यावर आजवर अनेकदा लाल रंग फासला गेला आहे.