कोठडीतला आगमनकाळ

नाताळपूर्वीचे चार रविवार ख्रिस्ती परंपरेत आगमनकाळ म्हणून पाळले जातात. दर रविवारी एकेक मेणबत्ती अधिक उजळायची आणि येशूजन्माची वाट पाहायची, असा हा काळ. १९४३ साली बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ही प्रतीक्षा डीट्रिश बोनहोफर या जर्मन धर्मोपदेशकाच्या वाट्याला निराळ्याच अर्थाने आली.

बोनहोफर यांचा जन्म १९०६ मधला, ब्रेस्लाऊचा. वडील नामवंत मनोविकारतज्ज्ञ. मुलाने धर्मशास्त्र निवडले. हिटलर सत्तेवर येताच चर्चच्या नाझीकरणाविरुद्ध ते उभे राहिले. अहिंसक प्रतिकार शिकण्यासाठी त्यांना गांधीजींकडे यायचे होते. १९३४ मध्ये गांधीजींचे निमंत्रणही आले. मात्र मायदेशी पाळकांना शिकविण्याची जबाबदारी आल्याने तो प्रवास राहिला. ही भेट घडली असती तर, हा विचार भारतीय वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. कारण पुढे हाच शांततावादी हिटलरच्या हत्येचा कट रचणाऱ्यांत सामील झाला. १९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित राहण्याची संधी असतानाही ते काही आठवड्यांतच परतले होते.

५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली. अठरा वर्षांच्या मारिया फॉन वेडेमायर हिच्याशी वाङ्निश्चय होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. नोव्हेंबरात बर्लिनवर बॉम्ब कोसळत असताना त्यांनी मित्र एबरहार्ड बेथगे यांना लिहिलेल्या पत्रात तुरुंगाची तुलना आगमनकाळाशी केली. कैदी वाट पाहतो, आशा धरतो, काहीबाही करत राहतो. पण दार उघडायचे ते बाहेरूनच, असा त्याचा आशय. त्या नाताळासाठी त्यांनी सहबंदिवानांकरिता प्रार्थनाही लिहिल्या.

पुढचा आगमनकाळ अधिक बिकट होता. जुलै १९४४ चा कट फसला आणि ऑक्टोबरात त्यांना गेस्टापोच्या तळघरात हलविण्यात आले. तेथून १९ डिसेंबर रोजी त्यांनी मारियाला पत्र पाठविले. सोबत एक कविता होती, नववर्षाच्या उंबरठ्यावरची. आज जर्मन चर्चमध्ये ती गायली जाते.

९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली. वय ३९. महिनाभरात जर्मनीने शरणागती पत्करली. भाऊ क्लाउस आणि दोन मेहुणेही त्याच महिन्यात मारले गेले. बर्लिनमधील आईवडिलांना डीट्रिशच्या मृत्यूची खात्री पटली ती २७ जुलै रोजी, लंडनहून प्रसारित झालेली त्यांची स्मृतिप्रार्थना रेडिओवर ऐकताना.