डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

दहावीला दोनदा नापास झालेल्या मुलाला आमच्या गावात कोणी तिसऱ्यांदा फॉर्म भरू देत नाही. म्हणून डॉ. सुब्बाराव यांच्याविषयी वाचताना मी सुरुवातीलाच थबकलो. हे गृहस्थ मॅट्रिक तिसऱ्या खेपेस पास झाले होते!

१८९५ साली आंध्रातील भीमवरम येथे त्यांचा जन्म झाला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते खादी घालून जात. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही व तो राग निकालात निघाला. एम. बी. बी. एस. ऐवजी एल. एम. एस. या कमी दर्जाच्या पदवीवर त्यांना समाधान मानावे लागले. १९२३ साली सासऱ्यांच्या मदतीने ते बोस्टनला पोहोचले. पत्नी शेषगिरीबाई मागेच राहिल्या. तेथे इस्पितळात रात्रपाळीला रुग्णांची शौचाची भांडी उचलून त्यांनी दिवस काढले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी नाव मिळवले, पण कायमची जागा मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले.

ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, याला नाव दिले जर्मनीतील फिर्खो यांनी, १८४७ साली. पुढे शंभर वर्षे नाव होते, पण मुलांना वाचवणारे औषध नव्हते. आजारी मूल काही आठवड्यांचे सोबती असे. बोस्टनचे डॉ. सिडने फार्बर यांनी अशा मुलांना फॉलिक ॲसिडच्या जातीचे पदार्थ देऊन पाहिले, तर रोग उलट बळावल्यासारखा दिसला. पेशींना वाढायला हे जीवनसत्त्व लागते, मग ते तोडावे कसे? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने हुबेहूब फॉलिक ॲसिडसारखा दिसणारा, पण त्याचे काम न करणारा पदार्थ बनवला : ॲमिनोप्टेरिन. पेशी फसते, तो घेते आणि तिची वाढ थांबते. फार्बर यांनी १६ मुलांना तो दिला व १० मुलांना उतार पडला. जून १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. उतार तात्पुरता होता, रोग परत आला. तरी वाट सापडली होती. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही या मुलांना इतर औषधांबरोबर देतात.

ऑगस्ट १९४८ मध्ये सुब्बाराव न्यूयॉर्कला वारले. वय अवघे ५३. पंचवीस वर्षांत ते एकदाही मायदेशी आले नव्हते. त्यांच्याविषयी मला कितीही आदर वाटला, तरी ही एक गोष्ट मला पचलेली नाही. शेषगिरीबाईंना ते पुन्हा दिसलेच नाहीत.