त्यागमूर्ती माता रमाई आणि घराचं स्वप्न

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी आम्ही माता रमाईंना त्रिवार वंदन करतो. बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या पोरांना तोंडपाठ असतात. पण त्या पदव्यांची किंमत घरात कोणी मोजली, हे आज पुन्हा सांगावंसं वाटतं.

रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा. गाव वणंद, दापोलीजवळचं. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहायचे. आईवडील लवकर गेले आणि ही पोरकी भावंडं नातेवाइकांच्या आधाराने मुंबईला आली. भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर, रमाईंचं लग्न लागलं. वय जेमतेम नऊ.

सासरी सुभेदार रामजींची एकच इच्छा, भीवाने खूप शिकावं. पेन्शन तुटपुंजी, तरी पुस्तकासाठी ते लेकीचे दागिने गहाण टाकायला मागेपुढे पाहत नसत. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार गेले. त्याच वर्षी बाबासाहेब बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला निघाले. महिना साडेअकरा पौंड. त्यातच तिकडचं शिक्षण आणि त्यातच घराकडंही पाहायचं. यशवंत तेव्हा वर्षाचाही नव्हता.

१९१७ ला बाबासाहेब परत आले. लंडनचा अभ्यास अर्धाच राहिला होता. १९१८ ला सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरकी मिळाली, पगार ४५० रुपये. दुसऱ्या कुठल्या घरात आता सुखाचे दिवस आले असते. पण परळच्या चाळीतला संसार काटकसरीचाच राहिला, कारण लंडनसाठी पैसा साठवायचा होता. १९२० ला ते पुन्हा निघाले. साठवलेली पुंजी, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज, एवढ्यावर ते शिक्षण उभं राहिलं. १९२३ पर्यंत इकडची चूल रमाईंनी सांभाळली. त्या शेण गोळा करून गोवऱ्या थापायच्या, ही आठवण आपल्या वस्त्यांतून आजही सांगितली जाते.

गरिबीने सर्वांत मोठा घाव घातला तो लेकरांवर. पाच लेकरांपैकी चार गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी जुलै १९२६ मध्ये राजरत्न. एका लेकराच्या कफनाला पैसे नव्हते, तेव्हा माउलीने आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, असं सांगतात. एकटा यशवंत राहिला.

पुढे दादरला ‘राजगृह’ उभं राहिलं. पण तोवर रमाईंची तब्येत पार खचली होती. २७ मे १९३५ ला राजगृहातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. पाच वर्षांनी, १९४० साली, बाबासाहेबांनी आपला पाकिस्तानवरचा ग्रंथ ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केला. मित्र नव्हते, पैसा नव्हता, त्या दिवसांत तिने धीराने साथ दिली, याची जाहीर नोंद त्यात आहे.

आम्ही गिरणगावातली माणसं. पैसा नसला की घराचं स्वप्न कसं मागे पडतं, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. १९८२ च्या संपात पगार थांबले, तेव्हा बायाबापड्यांनीच घरं तगवली. आणि शाळा सुटली ती बहुधा पोरींची आधी. कारण ओढाताण आली की पहिली कात्री आईच्या ताटाला लागते आणि दुसरी लेकीच्या फीला.

म्हणून आमचं कळकळीचं सांगणं आहे. रमाईंचा त्याग थोर, पण तसाच त्याग आपल्या आयाबहिणींकडून पुन्हा मागणं म्हणजे रमाईंचा गौरव नव्हे. लग्नातला थाट कमी करा, बारशाचा मांडव लहान घाला. तो पैसा लेकीच्या शिक्षणाला लावा. घरच्या बाईच्या दुखण्याला वेळेवर डॉक्टर दाखवा. शेजारच्या घरात कुणाची फी अडली असेल तर चार घरांनी मिळून ती भरा. त्या माउलीच्या हाताशी असे चार शेजारी असते, तर कदाचित एखादं लेकरू वाचलं असतं.

माता रमाईंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम!