पानिपतावर पाय अधू झाला, अठरा वर्षांनी त्याच महादजींनी वडगाव मावळात इंग्रजांना गुडघे टेकायला लावले

लोणावळ्याहून जुन्या हायवेने पुण्याकडे निघालं की कार्ला, कामशेत मागे पडतं आणि वडगाव मावळ येतं. इथे महादजी शिंदे यांचं स्मारक आहे. १७७९ साली याच गावात इंग्रज फौज मराठ्यांना शरण आली, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्या लढाईत पुढे असलेले महादजी एका पायाने अधू होते, हे फारसं सांगितलं जात नाही.

त्यासाठी अठरा वर्षं मागे जावं लागतं.

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला होता. राणोजी शिंद्यांचा हा धाकटा मुलगा घोडीवरून दक्षिणेकडे निघाला. वय तिशीच्या आसपास. मागे एक अफगाण स्वार लागला होता. दमलेली घोडी एका खड्ड्यापाशी अडली आणि अफगाणाने गाठलंच. त्याच्या परशूचा घाव महादजींच्या उजव्या गुडघ्यावर बसला. अंगावरचे दागिने आणि घोडी घेऊन तो निघून गेला.

रक्तबंबाळ महादजी तिथेच पडून राहिले. तेवढ्यात राणेखान नावाचा भिस्ती, म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा माणूस, तिथून चालला होता. त्याने महादजींना उचललं, आपल्या बैलावर घातलं आणि सुखरूप बाहेर काढलं.

आज असा घाव झाला तर एक्स-रे निघतो, भूल दिली जाते, जखम निर्जंतुक करून हाड जोडलं जातं. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ईथरची भूल १८४६ साली आली, लिस्टरची जंतुनाशक पद्धत १८६७ साली आणि एक्स-रे १८९५ साली. प्लास्टरसुद्धा एकोणिसाव्या शतकातलं. सांध्याची खोल जखम चिघळली की जीव जायचा. म्हणून युरोपातले लष्करी सर्जन अशा वेळी बऱ्याचदा पायच कापून टाकत, तोही भूल न देता. त्यातूनही अनेक जण वाचत नसत. आपल्याकडे लेप, तेल, हाडवैद्याने बांधलेल्या कामट्या आणि नशीब यांवरच भिस्त असे.

महादजी वाचले. पाय मात्र कायमचा अधू झाला.

संकट तेवढंच नव्हतं. दत्ताजी पानिपतच्या वर्षभर आधी बुराडी घाटावर पडले होते. तुकोजी आणि पुतण्या जनकोजी पानिपतात गेले. शिंद्यांची सरदारी मिळायला महादजींना १७६८ साल उजाडलं. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली, त्यातही ते होते.

मग आलं १७७९. राघोबादादांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईची इंग्रज फौज बोरघाट चढून मावळात उतरली. सुमारे चार हजार सैन्य आणि सामानासाठी हजारो बैल. एवढा पसारा घेऊन ती मुंगीच्या पावलांनी सरकत होती. महादजी, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या मराठा फौजेने तिला रसद मिळू दिली नाही. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. तळेगाव गाठलं तर गाव जळालेलं. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रज गुपचूप माघारी वळले, पण वडगावात कोंडले गेले. १६ जानेवारीला तहावर सह्या झाल्या. कलकत्त्याने तो तह पुढे नाकारला आणि युद्ध लांबलं. १७८२ च्या सालबाईच्या तहात मध्यस्थी करायला मात्र महादजीच लागले.

राणेखानाला ते विसरले नाहीत. त्याला त्यांनी भाऊ मानलं, सरदार केलं. १७८८ मध्ये गुलाम कादिरच्या तावडीतून दिल्ली सोडवणाऱ्या फौजेचं नेतृत्व याच राणेखानाकडे होतं.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. तिथे त्यांची छत्री आहे. पुढे याच वानवडी परिसरात, दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. ते आजही जखमी जवानांना पुन्हा पायावर उभं करतं. महादजींच्या वेळी असं केंद्र नव्हतं. होता तो एक भिस्ती आणि त्याचा बैल.