ताऱ्यांचा उजेड मोजणारे वेणू बाप्पू

हिवाळ्यात रब्बीला पाणी द्यायला रात्री शेतात जावे लागते, हे जालन्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. दारे धरताना सहज वर पाहिले, तर ययाती तारकासमूहात मायावती नावाचा तारा दिसतो. एरवी तो ठळक असतो. पण दर दोन दिवस एकवीस तासांनी तो मंदावू लागतो आणि पाचेक तासांत त्याचा उजेड तिसऱ्या हिश्श्यावर येतो. त्याचा मंद जोडीदार तारा त्याला झाकतो म्हणून हे घडते. उजेड असा कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. काही तारे स्वतःच फुगतात, आक्रसतात. नवतारे तर एकाएकी हजारो पटींनी भडकतात. उत्तर मुकुट समूहातला एरवी डोळ्यांना न दिसणारा एक तारा १८६६ आणि १९४६ साली असाच उजळला होता.

त्या १९४६ साली हैदराबादेत एक कॉलेजकुमार असल्याच ताऱ्यांच्या मागे लागला होता. त्याचे नाव वेणू बाप्पू. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानची वेधशाळा बेगमपेठेत होती. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हौसेने काढलेली ही वेधशाळा पुढे सरकारने घेतली. बाप्पू यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रासचा, घराणे केरळचे; पण वडील या निजामिया वेधशाळेत नोकरीला. त्यामुळे इतर मुलांना मैदान मिळते तशी या मुलाला दुर्बीण मिळाली.

उजेड मोजायचा कसा? साध्या डोळ्यांनीही जमते. ज्यांचा उजेड ठाऊक आहे असे शेजारचे दोन तारे निवडायचे, एक आपल्या ताऱ्याहून जरा तेजस्वी आणि दुसरा जरा मंद. आपला तारा दोघांच्या मध्ये नेमका कुठे बसतो ते ठरवायचे आणि वेळेसह लिहून ठेवायचे. ताऱ्याच्या उजेडाला ‘प्रत’ म्हणतात. प्रत एकाने वाढली की उजेड अडीचपट कमी, पाचाने वाढली की शंभरपट कमी. हे गणित १८५६ मध्ये नॉर्मन पॉग्सन या इंग्रज ज्योतिर्विदाने मांडले. तो पुढे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला आणि तिथेच वारला. अशी एक नोंद काहीच सांगत नाही. शेकडो रात्रींच्या नोंदी आलेखावर मांडल्या की ताऱ्याची चाल कळते. बाप्पू यांची या विषयावरची टिपणे विद्यार्थिदशेतच छापून आली.

१९४९ मध्ये हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. काही महिन्यांतच आकाशाच्या एका छायाचित्रात त्यांना नवा धूमकेतू सापडला. बार्ट बॉक आणि गॉर्डन न्यूकर्क या सहकाऱ्यांसह त्यांचे नाव त्याला मिळाले. पुढे कॅलिफोर्नियात ओलिन विल्सन यांच्याबरोबर केलेले काम मात्र धूमकेतूपेक्षा मोलाचे ठरले. थंड ताऱ्यांच्या वर्णपटात कॅल्शियमची काळी रेघ असते आणि तिच्या मधोमध एक बारीक उजळ रेघ. ही उजळ रेघ जितकी रुंद, तितका तारा मुळात जास्त तेजस्वी, असे दोघांनी १९५७ मध्ये दाखवले. मूळ तेज कळले, आपल्याला दिसणारा उजेड मोजता येतोच, मग दोन्हींवरून ताऱ्याचे अंतर काढता येते. हा विल्सन-बाप्पू परिणाम आज जगभर शिकवला जातो.

अमेरिकेतच राहणे सोपे होते. मोठ्या दुर्बिणी तिथेच होत्या. बाप्पू १९५३ मध्ये परतले आणि पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशची नवी वेधशाळा उभारायच्या कामाला लागले. ती १९५५ मध्ये नैनितालला गेली. याच काळात त्यांच्याकडे एक सहा इंची दुर्बीण आली, तिची कथा सांगायलाच हवी. ती बंगालमधल्या राधागोविंद चंद्र यांची. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखणारा हा मॅट्रिकही न झालेला माणूस. १९१८ चा प्रसिद्ध नवतारा त्यांनी जेसोरहून स्वतंत्रपणे टिपला. रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणे गोळा करणाऱ्या अमेरिकी संस्थेने मग त्यांना ही दुर्बीण पाठवली. त्यांनी सदतीस हजारांहून अधिक नोंदी केल्या, त्याही नोकरी सांभाळून! त्यांच्यानंतर ही दुर्बीण बाप्पू यांच्या हाती येणे अगदी रास्त होते.

१९६० मध्ये बाप्पू कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. तिथे सूर्याचे काम चांगले चाले, पण ताऱ्यांसाठी अंधारी, निरभ्र जागा हवी होती. ती त्यांना तमिळनाडूच्या जवादी डोंगरात, कावलूरला सापडली. १९७२ मध्ये तिथे एक मीटर व्यासाची दुर्बीण बसली. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. त्याआधीच ताऱ्याचा उजेड क्षणभर बुडाल्याची नोंद कावलूरला झाली. अमेरिकी शास्त्रज्ञांनाही विमानातून तसेच दिसले. युरेनसला कडी आहेत, हे अशा नोंदींतून कळले.

मग त्यांनी २.३४ मीटरच्या दुर्बिणीचा ध्यास घेतला. ती परदेशातून आणायची नव्हती, इथेच घडवायची होती. आरसा घासण्यापासूनचे काम वर्षानुवर्षे चालले. १९७९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय खगोल संघाचे अध्यक्ष झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९ ऑगस्ट १९८२ रोजी हृदयशस्त्रक्रियेनंतर म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे ५५. जानेवारी १९८६ मध्ये दुर्बिणीचे उद्घाटन झाले, तेव्हा तिला त्यांचेच नाव देण्यात आले.